आबांनी बघितला चिनी पिक्चर

विजूदादा,

तू तालीम सोडून ती चिनी मारामारी, वुशू, शिकायला पुण्याला गेलास, तवापासनं आबा तुझं नाव काढत नव्हते. "पैलवानाच्या पोरानं माती सोडून उड्या मारायच्या व्हय?" एवढंच म्हणायचे.

रविवारी दुपारी मी चिनी मारामारीचा पिक्चर लावला. आबांनी जल्मात पयल्यांदाच तसलं काय बघितलं. भिंतीवरनं पळणारा माणूस बघून आधी खो-खो हसले. मग त्यातल्या म्हाताऱ्या गुरूनं चेल्याला मांड्या थरथरेपर्यंत वाकवून उभं केलं, तसे पुढं सरकून बसले.

"पाय कसं रोवलंत बघ की! ही तर आमचीच मेहनत हाय."

शेवटी चेला जिंकून गुरूच्या पाया पडला, तवा आबा पंचानं डोळं पुसत होते.

"विजूला असला गुरू घावलाय का गं?"

"जाऊन बघा की," मी म्हटलं.

उद्या सकाळच्या एसटीनं निघालेत. तुझ्यासाठी तुपाची बरणी बांधून घेतलीया. रडल्याचं सांगायचं न्हाय, फोनबी करायचा न्हाय, अशी मला शपथ घातलीया. म्हणून हे पत्र टाकणार न्हाय. पण लिहिल्याबिगर राहवेना. दारात त्यांना बघून तू दचकशील. गुरूसंगं तेबी बघायचंय त्यांना.

तुम्हा दोघांचीबी लाडकी,
पूर्णी