सुताचा चौथा बोळा

चंचलचे पप्पा,

आईंना डोळे तपासायला रिक्षाने नेते आहे. तुमच्या गाडीच्या भरवशावर त्यांची तारीख दोनदा हुकली.

गाडीच्या एसीचा नवा कॉम्प्रेसर तुम्ही घरीच बसवलात. वीस वर्षं कापड कारखान्यात लूम दुरुस्त करणाऱ्याला गाडीचं काय मोठं, असं गल्लीभर सांगत होता. काल गॅस भरून एसी लावला आणि पाच मिनिटांत कॉम्प्रेसर किंचाळून जाम झाला. आज तुम्ही उधन्याला दुकानदाराशी भांडायला गेलात, डुप्लिकेट माल दिला म्हणून.

पाइप उघडे असताना धूळ जाऊ नये म्हणून तुम्ही कारखान्यात करता तसे सुताचे बोळे त्यांत कोंबले होते. चार होते, मीच वळून दिले होते. आज ओटा झाडताना तीनच सापडले. चौथा कुठे राहिला, ते तुमच्या अनुभवी डोक्याला अजून सुचलेलं दिसत नाही.

आईंना मी काही बोलले नाही. माझा गजेंद्र काहीही दुरुस्त करतो, हे त्या आज डॉक्टरांनाही सांगतील.

वरण-बट्टी झाकून ठेवली आहे. ताटाशेजारी ते तीन बोळे आहेत. ते घेऊन आधी दुकानदाराची माफी मागून या, मग जेवा.

उज्ज्वला