सुखदेवचा पुण्यातला रक्तदाब

कर्वेनगर, पुणे
६ जानेवारी

चि. सुखदेव यास, ताईचा सप्रेम जयभीम.

फोनवर तू नुसता ‘हो ताई’ म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लिहिते. तुझी दीक्षा इथे माझ्याकडे राहून शिकते, म्हणून तरी कळले, की वंदनेनंतर उठताना तुला भोवळ आली आणि कपाळ दारावर आपटले. लेकीला कळवलेस, बहिणीला नाही. छान.

आपण उठतो तेव्हा रक्त पायांकडे उतरते. मानेतल्या रोहिणीत जणू पहारेकरी बसलेला असतो; दाब घटल्याचे तो मेंदूला कळवतो. लगेच हृदय वेग घेते, रक्तवाहिन्या आवळतात आणि आपण काही घडलेच नाही अशा थाटात चालू लागतो. शिवाय मूत्रपिंडे मीठ-पाण्याचा तोल राखतातच. आयुष्यभर हे कॉलेजात शिकवले, तरी मला अजून नवल वाटते. इतके मुकाट्याने काम आपल्या घराण्यात कोणी केलेले नाही.

तुझा पहारेकरी का चुकला, ते डॉक्टरांना विचार. नोव्हेंबरात तू इथे होतास, तेव्हा माझ्या पाऱ्याच्या यंत्रावर तुझा दाब रोज चढाच आला. म्हणून तर इथल्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. ती आपल्या मनाने बंद करू नकोस.

कौशल्येस आशीर्वाद. तुला उत्तर आल्यावर.

ताई

नागपूर
१५ जानेवारी

ती. ताईस, सविनय जयभीम. वि. वि.

कपाळ बरे आहे, दारही. डॉक्टरांनी आधी निजवून आणि मग उभे करून दाब मोजला. उभा राहताच तो भलताच उतरला. मग म्हणाले, काही दिवस घरी शांत बसून मोजा. घरी रोज अगदी बेताचा आला. पुण्यात कोण मोजत होते, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, मोठी बहीण, प्राणिशास्त्राची प्राध्यापक. ते हसतच सुटले. त्यांनी गोळी कमी केली; आता भोवळ नाही.

ताई, तू दंडाला पट्टा आवळतेस, कानांत नळ्या घालतेस आणि चष्म्यावरून बघतेस, तेव्हा मी पुन्हा पाढा न येणारा सुखदेव होतो. बोलू नकोस म्हणतेस. बोलायची छाती कोणाची आहे?

मार्चमध्ये दीक्षाच्या पदवीदानाला यायचेच आहे. पण तिथे पुन्हा दाब चढला, की पुन्हा गोळी आणि पुन्हा कपाळ! कौशल्या म्हणते, लॉजवर उतरू. तू काय म्हणतेस?

लोभ वाढू दे, दाब नको.

तुझा सुखदेव

कर्वेनगर, पुणे
२४ जानेवारी

चि. सुखदेव यास, सप्रेम जयभीम.

तुमचे डॉक्टर हुशार दिसतात. भीती वाटली, की शरीर पळायची तयारी करते आणि दाब चढतो. केस पांढरे झाले तरी तुझे शरीर मोठ्या बहिणीला विसरले नाही. त्याचे कौतुकच करायला हवे.

लॉजवर उतरलास, तर तुझा दाब कायमचा चढेल अशी व्यवस्था मी स्वतः करीन.

पाऱ्याचे यंत्र माळ्यावर टाकले आहे. दीक्षाने विजेरीवरचे आणले. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड छातीच्या उंचीवर धरून बसायचे. मोजणार दीक्षा. ती हाक मारीपर्यंत मी स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकणार नाही.

यंत्र पारखायला रविवारी मीच बसले. पोरीने चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाली, आत्या, बोलायचे नाही.

माझा चढाच आला. आकडा सांगणार नाही.

गाडी थांबली, की सावकाश ऊठ. मी फलाटावर असेन, पण लांब उभी राहीन.

ताई