दुबईहून परत आलेली हळद

माय,

आपली हळद दुबईला गेली होती. गेली तशी परतही आली, पण ते नंतर सांगतो. आधी गेल्याचं ऐक, तुला बरं वाटेल. सेनगाव रोडच्या आपल्या शेडमधून कंटेनर निघाला तेव्हा मी नारळ फोडला, गावभर पेढे वाटले. तिकडच्या व्यापाऱ्याशी फोनवर मोडक्या हिंदीत बोलताना माझी छाती फुगायची. तुझं शिकवणं मात्र मी पार विसरलो होतो असं नाही. लहानपणी खेळायला पळायचं म्हणून मी ओलसर हळकुंडं कोरड्या ढिगात ढकलली होती. तू त्यातलं एक उचललंस आणि माझ्या कानाशी धरून मोडलंस. ते नुसतं वाकलं. "वाजलं न्हाई तर वाळलं न्हाई. पी हळद अन् हो गोरी, असं कुठं असतंय का रे पोरा?" म्हणालीस, आणि अख्खा ढीग माझ्याकडून पुन्हा उन्हात पसरून घेतलास.

तुझ्यासोबत हळद शिजवणारी मावशी अजून आपल्याकडेच होती. वाळवणीची सगळी भिस्त तिच्यावर. कंटेनर भरायच्या आदल्या दिवशी ती म्हणते, "दादा, आणखी दोन दिस ऊन लागू द्या. काहून घाई करून राहिले?" मी म्हणतो, "मावशी, जहाज आपल्यासाठी थांबत न्हाई."

महिनाभराने तिकडून फोटो आले. बंद कंटेनरच्या उबेत हळदीला बुरशी धरली होती. पहिलीच खेप, आणि सगळी परत. माझ्या शब्दावर माल देणारे शेतकरी शेडमध्ये जमले. मी मान खाली घालून म्हणालो, "मावशीनं बराबर वाळवली न्हाई." ती दारातच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि निघून गेली. एक शब्द बोलली असती तरी मी खोटा पडलो असतो. तुझं लेकरू म्हणून गप्प राहिली असेल. आता तिला गावात कुणीच वाळवणीला बोलवत नाही. मला फार लाज वाटते, माय. दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन मागे फिरलो.

हे पत्र कुठे टाकणार? तुझ्या पितळी डब्यात ठेवून देतो. एक तेवढं सांगायचं राहिलं. गोण्या शिवण्याआधी, कुणी बघत नाही असं पाहून, मी एक हळकुंड कानाशी धरून मोडलं होतं. ते वाजलं नव्हतं.