त्या कमानीत "येते" म्हणू नये

१० डिसेंबर

आले बाई एकदाची! तळा गावाहून एसटी बदलत रेवदंडा, तिथून रिक्षा. गाव खाडीच्या काठाला, नारळीच्या वाड्यांत लपलेलं. मुंबईच्या मालकांची कॉटेज सांभाळायची, झाडलोट करायची, पाहुणे आले तर रांधायचं. माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. वीस तारखेला लेक येणार, प्रांजली. तिच्यासाठी आजच गादी उन्हात घातली.

शेजारच्या गोदूबाई वालाच्या शेंगा घेऊन आल्या. एकली कशी गो ऱ्हाशील, म्हणाल्या. म्हटलं, हे गेल्यापासून सवय झाली. हे सकाळी "येतो" म्हणून कामावर निघाले आणि माणगावच्या रस्त्यावर टेम्पोने उडवलं. वाचायला मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले. रोज चार ओळी लिहायची सवय यांनी लावली. ती मोडलेली नाही.

११ डिसेंबर

डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंय. सकाळी शाल घेऊन निघाले. गवतावर दव, तोंडातून वाफ. गावात पोर्तुगीजांच्या वेळची तीन चर्चं आहेत. पहिलं नांदतं, पांढरंशुभ्र, दारात नाताळचा कागदी तारा. दुसऱ्याचं छप्पर गेलंय, भिंतीत वडाने मूळ धरलंय आणि कोणी तरी आत जाळी वाळत घातली आहेत. तिसरं पार खाडीशी. पुढची भिंत आणि दाराची कमान तेवढी उभी, मागे कांदळवन. कमानीतून गार वारा आला, ओल्या चुन्याचा वास आला. तिथे जरा टेकले. बरं वाटलं. उठताना सवयीने म्हटलं, "येते हं."

१४ डिसेंबर

रोजचा फेरा चालू आहे. रोज निघताना तेच म्हणते. आज कमानीखालची वाळू झाडलेली होती. खराट्याच्या रेघा ताज्या. पाहुणे यायचे असले की आपण अंगण झाडतो, तशी.

रशीदभाईंच्या दुकानात पोहे घेत होते. त्यांनी विचारलं, बाई, त्या कमानीशी रोज काय बोलता? मी हसत सांगितलं. त्यांनी तराजूतले पोहे परत डब्यात ओतले. माफ करा, म्हणाले, उद्यापासून दुसरीकडून न्या.

१५ डिसेंबर

नळावर माझी कळशी कोणी तरी उचलून लांब ठेवली. माझ्या आजीची कळशी लोक अशीच सारायचे. त्याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मी पदर खोचून भांडायलाच पुढे झाले. बायका आपापल्या कळश्या उचलून निघाल्या. मग घरी परतल्यावर गोदूबाई कुंपणाआडून म्हणाल्या, जातीचं न्हाय गो बाय. तू तिथं "येते" बोललीस. आम्ही त्या दारात "जाते" बोलतो.

म्हटलं, "जाते" कोण म्हणतं? मरणारी?

व्हय, म्हणाल्या, म्हणूनच. जाणाऱ्याची वाट कोण बघतंय?

फार पूर्वी गावात रोग आला. आजाऱ्यांना त्या चर्चमध्ये ठेवून बाकीचे "येतो" सांगून होड्यांत बसले. कोणी आलं नाही. आतली माणसं अजून वाट बघतात. मी म्हटलं, मी तर रोज येते की! तर म्हणाल्या, तू दारातूनच माघारी फिरतेस. आत कुठं जातेस? वाट बघून थकली की ती शोधायला निघतात. मग एकट्या तुझंच घर थोडं बघतील?

मला भीती वाटायला हवी होती. कीव आली. वाट बघणं मला ठाऊक आहे.

१७ डिसेंबर

उठले तर माझं अंगण झाडलेलं. मी झाडलं नव्हतं. रेघा थेट उंबऱ्यापर्यंत. घरात चुन्याचा वास. गोदूबाईंनी आमच्यामधल्या कुंपणाला बाभळीचे काटे लावलेत. मी हाक मारली. त्यांनी दार लावून घेतलं.

१८ डिसेंबर

भर उन्हात गेले, "जाते" म्हणायला. कमानीसमोर उभी राहिले. जीभ वळेना. कसंबसं "जा—" म्हटलं आणि आतून — यांचा आवाज. "येतो." त्या सकाळी चपला घालताना म्हणाले होते तसाच, वाकल्यामुळे दबलेला.

आणि मी — सवयीने — "या लवकर" म्हणून बसले.

१९ डिसेंबर

प्रांजलीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. आई, रजा मिळालीय, काही झालं तरी येते, म्हणाली. तो शब्द बोलू नकोस म्हणून ओरडले. ती घाबरली. आता तर ती नक्की —

इथून निघून जावं? कुठे? जिथे असेन तिथलं अंगण झाडलेलं —

२० डिसेंबर, दुपार

दारावर थाप. "आई, आले." प्रांजलीच. कडीला हात घातला आणि फोन वाजला. प्रांजली. रिक्षा पंक्चर, अजून चौललाच आहे —

बाहेर पुन्हा. "आई, आले." मग यांचा आवाज. "आलो."

फोन लागत नाही आता. ती येईल. अंगणात हे —

त्यांना मी हवी. मी दिला शब्द. मी त्या कमानीतून आत गेले की त्यांची वाट संपेल, अंगण मोकळं —

वही गादीवर ठेवते, तिला पहिली दिसेल. "येते" लिहिलं तर ती वाट बघत बसेल. थकली की शोधायला निघेल, त्या कमानीत. म्हणून सरळ लिहिते.

प्रांजली, मी जा—