होप, एक्स्पेक्ट आणि सरांची मुलगी

ती. दाजींना साष्टांग नमस्कार. तुमची कंबर सुधारली असेल आणि ताईचा माझ्यावरचा राग उतरला असेल, असं धरून चालतो. (उतरला नसेल तर हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नका.)

काल इंग्रजीच्या क्लासात सरांनी माझ्या हातात खडू दिला आणि त्या क्षणी सगळं बदललं. या क्लासाची रीत विचित्र आहे. दोन क्रियापदं मिळतात, त्यांतला फरक फळ्यापाशी उभं राहून सांगायचा आणि मग प्रत्येकाचं एक वाक्य लिहायचं, तेही स्वतःच्या आयुष्यातलं, खरं. थाप वाटली की सर सगळ्यांदेखत काट मारतात. माझ्या वाट्याला आली होप आणि एक्स्पेक्ट. समोर पहिल्या बाकावर सरांची मुलगी. (हो, तीच. कॉलेज अर्ध्यावर सोडलेला मी जिच्यापायी पुन्हा बाकावर बसतोय.) तिनं बजावलं होतं, या आठवड्यात बाबांशी बोल, नाहीतर मी परगावची नोकरी घेऊन चालले. आठवडा कालच संपत होता.

फरक मी झकास सांगितला. बस यावी असं नुसतं मनात असलं तर होप, बस वळणावर दिसली तर एक्स्पेक्ट. होपला काही लागत नाही, एक्स्पेक्टला आधार लागतो. सरांनी मान डोलावली. तिथंच थांबायचं, पण माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. लिहिलं, ‘आय होप टु मॅरी युअर डॉटर.’ खाली, ‘आय एक्स्पेक्ट युअर परमिशन.’

सर उठले. “कॉलेज?” सोडलं. “नोकरी?” बघतोय. “मग ही बस तुला दिसली कुठं रे?” मागचे दोघं फिदीफिदी हसले (त्यांना मी बघून घेणार आहे). सरांनी दुसऱ्या वाक्यावर अशी काट मारली की खडूच मोडला.

मी मुळीच डगमगलो नाही. माझं मी निस्तरीन, कोणाच्या मध्यस्थीची मला गरज नाही.

तुमचा मेव्हणा

ता. क. पहिल्या वाक्याला सरांनी हात लावला नाही. म्हणाले, याचं घरच्या मोठ्या माणसासमोर बघू, रविवारी घेऊन ये. आमच्या बाबांना नेलं तर ते आधी मलाच काट मारतील. तेव्हा दाजी, कंबर धरून का होईना, तुम्ही याच. इस्त्रीचा शर्ट घाला आणि मी कॉलेज पुन्हा सुरू करतोय असं सांगा. (करतोय. आजपासून.)

आणखी एक. यावर मी सरांना काय सुनावलं, असं तुम्ही विचाराल. काही नाही. ती वहीत तोंड खुपसून हसत होती की रडत होती तेही कळेना, आणि विचारायची छाती होईना. खडूनं पांढऱ्या हातांनीच नमस्कार केला, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.