ग्राझची वाकणारी बस

ग्राझ, ऑस्ट्रिया
१२ मे २०२५

चि. वच्छलास,

तुझ्या भावाचे अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. कुडव्याला पोहोचायला पंधरवडा लागेल म्हणतात. तुझी तब्येत, तुझं शिलाई मशीन, सगळं ठीक आहे असं धरून चालतो. इकडे टीना आणि जावई मजेत. मीही मजेत. भात मिळतो, पण आपल्या भाताची चव त्याला नाही.

ग्राझ म्हणजे फार तर दोन गोंदिया. पण तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला मी इथल्या बस आणि ट्राम बघून येडा झालो आहे. थांब्यावरची पाटी तीन मिनिटं म्हणते आणि तिसऱ्या मिनिटाला गाडी समोर! आत कंडक्टरच नाही. टीनाने आठवड्याचा पास काढून दिला, तो मला आजवर कोणी विचारलाही नाही. पहिल्या दिवशी मला राहवेना. दारात उभा राहून ओरडलो, "चलो, आगे सरको!" एक म्हातारी गोरी बाई हसली आणि खरंच पुढे सरकली. टीना लाजून लाल. म्हणाली, "बाबा, बसा ना चुपचाप! कायले ओरडून राहिले जी?"

परवा एकटाच निघालो. एका थांब्यावर चाकाच्या खुर्चीत तुझ्याच वयाची एक बाई होती. मी मनात म्हटलं, झाला खोळंबा. तर बस फुस्स करून दाराच्या बाजूने खाली वाकली. वच्छला, अख्खी बस वाकली! पाणी प्यायला बैल वाकतो तशी. ड्रायव्हर स्वतः उठून आला, दारातली फळी उलगडून त्याने फूटपाथवर टाकली. बाई आत आली, फळी जागेवर गेली, गाडी निघाली. कोणी कुरकुरलं नाही, कोणी घड्याळ पाहिलं नाही. सारं मिनिटभरात.

मला रडू आलं. पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि कितीतरी वेळ बाकावर बसून राहिलो.

माझ्या गाडीत मी तुला कधी चढू दिलं नाही. पायरी उंच आहे म्हणायचो. पायरी उंच होतीच, पण खरं कारण ते नव्हतं. कंडक्टरची बहीण कुबडीवर येते, याची मला लाज वाटायची.

आणि आता त्याहून वाईट लिहितो. टीनाने इथे बोलावलं होतं ते आपल्या दोघांना. "आत्याला घेतल्याशिवाय येऊ नका," असं बजावलं होतं. तिची आई गेल्यावर तिच्या वेण्या तू घातल्यास, ती तुला कशी विसरेल? मीच तिला सांगितलं, आत्या नाही म्हणते. तुला विचारलंच नाही. म्हटलं, विमानात, गाड्यांत हिला कुठे कुठे धरत फिरू? तुला वाटतं पोरगी विसरली. पोरीला वाटतं आत्याला आपली माया उरली नाही. तुम्हा दोघींचा अबोला माझ्यामुळे आहे.

काल संध्याकाळी टीनाला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "बाबा, तुमी तिले एकदा तरी विचारलं होतं का?" आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. तेव्हापासून माझ्याशी बोलली नाही. बरोबरच आहे तिचं.

पुढच्या महिन्यात परत आलो की पासपोर्टच्या कामाला तुझ्यासोबत येईन, तू येऊ दिलंस तर. रागाने नाही म्हणालीस तरी चालेल. ते 'नाही' निदान तुझं तू म्हटलेलं असेल.

वच्छला, टीनाकडे येशील का?

एवढं विचारायला ज्याला सारा जन्म लागला,
तो तुझा भाऊ
उदाराम