पिवळ्या दिव्याखालची बाटली

प्रिय बाय,

सोमवारी डॉ. सबनीस बोईसरला येतायत. त्यांच्यासमोर जे बोलायचं ते आधी सख्ख्या बहिणीसमोर बोलून घ्यावं, म्हणून लिहायला बसलोय. तू शाळेची पायरी चढली नव्हतीस, आणि शेवटी तर समोरचं ताटही चाचपायचीस. तू असतीस तर हे पत्र दुसऱ्या कुणीतरी तुला वाचून दाखवलं असतं. मग मी ते लिहिलंच नसतं.

तुझी आधी संध्याकाळची नजर गेली. नवापूरला बोंबील वाळत घालताना दिवस कलला की तू बांबूंना धडकायचीस, आणि बायका हसायच्या. मग कडा गेल्या. नळीतून बघावं तेवढंच समोरचं उरलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यातला पडदा मरत चाललाय, ह्यावर औषध नाही. तुझ्या नवऱ्याने तुला माझ्या सरावलीच्या खोलीवर आणून सोडलं आणि चहासुद्धा न घेता गेला.

औषध नाही म्हणजे काय? मी रसायनांची पिंपं ढकलत तारापूरला आलेला माणूस. ढकलता ढकलता स्वतःची शेड टाकली होती. सबनीस त्याच पडद्यासाठी औषध शोधत होते, जीवनसत्त्व 'अ'च्या जातकुळीतलं. त्यांना मोठे कारखानदार दारात उभं करत नव्हते. मी केलं. चार वर्षं आम्ही एकेक संयुग बनवायचो आणि ते उंदरांवर फसायचं. मग एक लागलं. जन्मापासून आंधळे होत जाणारे उंदीर उजेडाकडे मान वळवू लागले.

तू लगेच म्हणालीस, मला दे. मी म्हटलं, अजून ते उंदरांचंच आहे.

"उंदराला देतोस न् सख्ख्या बहिणीला नाय?"

मी हसण्यावारी नेलं आणि तुला औषधाऐवजी काम दिलं. त्या पावडरीला उजेड सोसत नाही, नासते. म्हणून खिडक्या काळ्या रंगवून, एका मंद पिवळ्या दिव्याखाली सगळं करायचं. चांगल्या डोळ्यांचे कामगार तिथं ठेचकाळायचे. तू नाही! गाळणं, सुकवणं, बाटल्यांना काळा कागद गुंडाळणं, सगळं हातांनी. सबनीस तर म्हणायचे, ह्या खोलीला ह्याच बाई हव्यात.

पंधरवड्यात मी ते ऐकलं. माझे कान तुला माहीत आहेत. रिॲक्टरमधली ढवळणी कुठं अडतेय ते मी ऑफिसात बसून सांगतो. दाराबाहेरून ऐकलं: बाटलीचं झाकण फिरलं, चमचा काचेला लागला, तू पाणी प्यायलीस. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

मी दार उघडलं नाही, बाय.

बहिणीची चोरी पकडायची लाज वाटली, असं मी ही दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं. मला बघायचं होतं, माणसाला लागू पडतं का. उंदराला विचारता येत नाही, बाबा रे, किती दिसतंय? तुला विचारता येत होतं. माल कमी का भरतो म्हणून सबनीसांनी विचारलं, तेव्हा तो गाळणीला चिकटतो असं मीच सांगितलं.

रोज चहाच्या वेळी गंमत म्हणून मी तुझ्यासमोर बसायचो. हात तुझ्या कानामागून हळूहळू पुढं आणायचो आणि दिसला की सांग म्हणायचो. दर आठवड्याला तू आधीपेक्षा लवकर सांगायचीस. मी मनात नाचायचो! तुझे ओठ फाटले, केस मुठीमुठीने गेले, तळहातांची सालं निघाली. हे त्या पावडरीमुळेच, हे ओळखूनही मी नुसतं खोबरेल आणून दिलं.

मग एके दिवशी माझं घड्याळ दुरुस्तीला होतं. हात तुझ्या नाकापुढं आला तरी तू काही बोलली नाहीस. शेवटी म्हणालीस, "आज घड्याळ नाय घातलंस?"

पट्ट्याच्या कड्या वाजायच्या! कानांच्या बाबतीत आपण एकाच आईची लेकरं. खोटं कशाला बोलत होतीस, विचारलं तर म्हणालीस, "तू खूश व्हायचास. न् मी नाय म्हटलं असतं तर बाटली उचलून नेली असतीस."

म्हणजे मला ठाऊक आहे, हे तुला ठाऊक होतं.

बाटली त्याच दिवशी हलवली. पण तोवर तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. पालघरच्या डॉक्टरांनी विचारलं, दारू पितात का? कसलं औषध चालू होतं का? मी दोन्हींना नाही म्हटलं. पहिलं खरं होतं. तू शुद्धीवर होतीस, सगळं ऐकलंस. का नाही बोललीस? एरवी तुझं तोंड बंद करायला गावच्या बायकाही थकायच्या!

आता तेच औषध मुंबईत माणसांना देणार आहेत, तुझ्यासारखंच नळीतून बघणाऱ्यांना. शेडमध्ये कुणालाही अपाय झाला नाही, असं लिहिलेल्या कागदावर सोमवारी माझी सही हवी आहे. सबनीस फोनवर म्हणाले, नुसती औपचारिकता आहे हो. सही केली की माझी शेड मोठी होते. नाही केली तर त्यांचं आयुष्यभराचं काम बुडतं, आणि माझ्या दारात पोलीस येतील.

सही करणार नाही. हे तुला वचन. उंदरांच्या कागदांमागे एक पान जोडून देईन, माझ्या अक्षरात: बाई, वय एकेचाळीस. रोज चमच्याचं टोक, पाच महिने. नजर सुधारली नाही. यकृत गेलं, त्यातच मृत्यू. भावाला पहिल्या पंधरवड्यापासून माहीत होतं.

तुझा,
रघू